मामा, मेंढरं तुझी नव्हती

प्रिय मामा,

काल कॉलेजातल्या सरांचा फोन आला. माझी फिल्म पुण्याला विद्यार्थ्यांच्या महोत्सवात दाखवणार आहेत. फोन ठेवला आणि आधी तुलाच सांगायला निघाले. मग आठवलं, तू नाहीस. आणि हेही आठवलं, की मी तुझ्यावर अजून चिडलेली आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मग या रागाचं मी करू तरी काय?

माझी पहिली डॉक्युमेंट्री, तीही तुझ्यावर! सोलापुरात माझ्या मैत्रिणी विषय शोधत वणवण फिरत होत्या आणि मी ऐटीत सांगत होते, होटगीच्या पलीकडे माझ्या मामाचा कळप आहे. कॅमेरा लावून तुला विचारलं, "मामा, ही सगळी मेंढरं तुझीच?"

"व्हय की! माज्या आज्यापासनं चालत आलाय ह्यो कळप."

त्या एका वाक्यावर मी अख्खी फिल्म उभी केली.

दिवाळीच्या पाडव्याला मेंढरं धुतली, रंगवली, मामीनं ओवाळली, मग माळावर पळवली. मी धुळीत आडवी पडून शॉट घेत होते. शिंगांचे, ओल्या लोकरीचे, कानांचे क्लोजअप. उन्हात ते कान किती छान दिसत होते!

त्या कानांनीच घोटाळा केला. गावात बिरोबाच्या देवळापुढं चादर बांधून फिल्म दाखवली, तेव्हा तू नवा फेटा बांधून पुढंच बसला होतास. पडद्यावर कान आले आणि मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, ही तर सिद्दाप्पाची मेंढरं की! डाव्या कानाला दोन चिरा. दुसऱ्या कुणाची आसत्यात?"

प्रत्येक घराची कानावरची खूण वेगळी असते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मलाच नव्हतं. पाठीवरचा रंग तू बदललास, पण कान कसे बदलणार होतास? सगळे हसले. सिद्दाप्पाही हसला. तू उठून चालता झालास आणि मी तिथं एकटी उभी राहिले.

मामीला रडत विचारलं. म्हणाली, "आखाडातच इकली गं सगळी. गुडघं चालंनात त्यांचं. तुजी फिलीम अडू नये म्हून सिद्दाप्पाचा कळप मागून आनला."

म्हणजे मामीला ठाऊक, सिद्दाप्पाला ठाऊक, गावाला ठाऊक. कॅमेरा हातात असून आंधळी फक्त मी! मामा, खरं सांगितलं असतंस तर मी काय पळून गेले असते? तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांवर केली असती की फिल्म! माझ्यावर तेवढाही भरवसा नव्हता तुझा?

तू एवढंच म्हणालास, "परीक्षा हू दे तुजी. मग बोलू निवांत." परीक्षा संपली आणि तू गेलास. एका सकाळी, चहा पिता पिता. हा दुसरा दगा. पहिल्याचं उत्तर तरी देऊन जायचंस!

काल न वापरलेलं चित्रीकरण काढून बसले. त्यात तू माळावर उभा राहून मेंढरांना हाळी देतोस. एकही मान वळत नाही. पुन्हा देतोस. तिसऱ्यांदा तुझा आवाज चिरकतो. मग माझ्याकडं बघून हसतोस, "कॅमेऱ्याला भ्याल्यात गं." बिघडलेला शॉट म्हणून मी तो काढून टाकला होता.

सरांना सांगितलंय, फिल्म आहे तशी जाणार नाही. सिद्दाप्पाचं नाव त्यात येईल. तुझं ते "माज्या आज्यापासनं" राहील, आणि त्याच्या लगेच मागं ही हाळी, पूर्ण, न कापता. हे माझं वचन. लोकांना दिसू दे, तू खोटं बोललास. आणि बोलताना तुला किती लागत होतं, तेही दिसू दे.

अजूनही चिडलेली,
तुझी भाची
अश्विनी