जिनिंगच्या मॅनेजराला बैलाची भीती

सेलू, कार्तिक वद्य पंचमी

तीर्थस्वरूप चन्नबसप्पा मामा यांच्या पायांवर भाचा वीरुपाक्ष याचं मस्तक आणि शरणार्थ.

इकडे आम्ही सगळे गुरुकृपेनं धडधाकट आहोत. आपल्या गुडघ्याचं कसं काय ते कळवावं. एरंडेलानं गुण येत नाही असं आपण मागं लिहिलं होतं. आपली भाचेसून नीलम्मा म्हणते, निरगुडीच्या पाल्यानं शेका. माझं मत विचाराल तर दोन्ही करा, म्हणजे घरात भांडण नको. (नीलम्माचं मत आधी लिहिलं आहे याची नोंद घ्यावी, ती पत्र वाचून मगच पाकिटात घालते.) परभणीला गुळाची आवक बरी असेल आणि दुकान जोरात असेल. माझ्या नोकरीचं मात्र काही खरं नाही. ती राहते की जाते हे आता आपल्या एका शब्दावर येऊन ठेपलं आहे. पण तो शब्द कोणता, हे आधीच सांगितलं तर आपण पत्र फाडाल, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

शेठजींनी आपल्या दुकानात बसून जिनिंगसाठी मॅनेजर हवा म्हटलं आणि आपण गुळाच्या ढेपेवर हात ठेवून म्हणालात, की माझा भाचा म्हणजे वाघ आहे. उपकार विसरणार नाही. पण मामा, जिनिंगमध्ये कापूस येतो तो कशातून येतो याचा विचार आपण दोघांनीही केला नाही. तो बैलगाड्यांतून येतो. हंगामात फाटकापासून पार स्टेशनापर्यंत बैलच बैल. आणि मला, आपल्यापासून काय लपवायचं, बैलाची भीती वाटते. थोडीथोडकी नव्हे. आपलं सगळं घराणं शंकराचं, गळ्यात लिंग, आणि मी महादेवाच्या देवळात नंदीच्या शिंगांमधून दर्शन घेताना डोळे मिटून घेतो. (म्हणजे दर्शन होतच नाही. पण दगडाच्या नंदीचाही भरवसा काय?)

शेठजींचं तत्त्व असं, की मॅनेजर म्हणजे धाक. मॅनेजरला खोकला आला तरी तो त्यानं खोलीत जाऊन खोकावा, नोकरमाणसाला मालकाचं दुखणं दिसलं की धंदा बसला. त्यामुळे गेला सगळा हंगाम मी माडीवर काढला. खाली उतरायचंच नाही. मुहूर्ताच्या दिवशी मला ताप आला (आणला). गाड्या गेल्यावर संध्याकाळी अंगणात उतरायचं, शेणाकडे रागानं बघायचं आणि परत वर. याचा परिणाम असा झाला, की साहेब फार कडक आहेत, कुणाचं तोंडसुद्धा बघत नाहीत, अशी माझी कीर्ती पार जिंतूरपर्यंत गेली. शेठजी खूश होते. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून मिशी पिळत होतो आणि खाली कोण काय करतं याचा मला पत्ता नव्हता.

यंदा मुहूर्ताला शेठजींची सक्त ताकीद आली, की मॅनेजरनं जातीनं हजर राहावं. इथला दस्तूर आपल्याला माहीत असेल. हंगामाची पहिली गाडी आली की मॅनेजरनं बैलांना कुंकू लावायचं, तळहातावर गूळ धरून चारायचा आणि कासरा हातात धरून गाडी आत घ्यायची. ते झाल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. पहिली गाडी वालूरच्या आश्रुबाची होती. झुली, घुंगरं, शिंगांना हिंगूळ, आणि वशिंडं अशी, की त्यांच्यावर पाट मांडून जेवावं. मी मन घट्ट करून कुंकू लावलं (बैलाला लावायचं ते निम्मं आश्रुबाला लागलं). मग गूळ पुढं केला. बैलानं गूळ खाल्ला, तळहात चाटला, मनगट चाटलं आणि कोटाची बाही तोंडात घेऊन चघळायला सुरुवात केली. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा मी गेल्या सालच्या उरलेल्या कापसाच्या गंजीवर होतो, गळ्यापर्यंत आत रुतलेलो, आणि फक्त माझी पगडी व मिशी बाहेर होती.

खाली सगळी जिनिंग तोंड वर करून उभी होती. धाक राखायचा असता तर मी गंजीची तपासणी करतो आहे असं म्हणू शकलो असतो. पण मामा, गळ्यापर्यंत कापसात बुडालेल्या माणसाला खोटं सुचत नाही. मी ओरडून सांगितलं, की मला बैलाची भीती वाटते, लहानपणापासून वाटते, माडीवर मी त्यासाठीच बसतो, आता हसायचं ते हसा. कुणी हसलं नाही. आश्रुबा कपाळावरचं कुंकू पुसत एवढंच म्हणाला, “मंग सांगायचं न्हाई का सायेब? आमी बैल लांब धरले असते की.” मग तानुबाई, जी मशीनवर कापूस टाकते, ती पदर तोंडाशी धरून पुढं आली आणि म्हणाली, “मला बी त्या फिरत्या पट्ट्याचं लय भ्याव वाटतंय. तुमी कडक म्हून आमी बोलंना गेलो.” आणि तिच्या मागून बॉयलरचा आगवाला बन्सीधर डोळे चोळत म्हणाला, “सायेब, मला तर वाफेच्या घड्याळाचा काटाच दिसंना. दोन सालं झाली. आमी आपलं अंदाजानं चालवायलाव.”

फिटर बॉयलरकडे धावला. काटा लाल रेघेच्या पलीकडे जाऊन विसावला होता. त्यानं वाफ सोडली तशी अशी काही शिट्टी झाली, की आश्रुबाचे बैल गाडीसकट उधळले, आणि ते जिनिंगभर फिरू लागल्यावर फिटर, मुकादम, तानुबाई, फाटकावरचा पहारेकरी, दफ्तर लिहिणारे मुन्शी आणि खुद्द आश्रुबा असे सगळे माझ्याशेजारी गंजीवर येऊन बसले. बन्सीधरनं तेव्हा तोंड उघडलं नसतं तर हे पत्र आपल्याला दुसऱ्या कुणीतरी लिहिलं असतं, तेही दहाव्याचं बोलावणं म्हणून. बैल दमेपर्यंत आम्ही वरच होतो. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून एकेकानं आपापलं दुखणं सांगितलं.

पहारेकऱ्याला अंधाराची भीती वाटते. (तो रात्रपाळीला आहे.) मुन्शींना स्वतःचं उर्दू अक्षर लागत नाही, म्हणून ते प्रत्येक कागद नव्यानं लिहितात आणि वरिष्ठ कचेरीत आमचं दफ्तर फार मोठं म्हणून नावाजलं जातं. मी तिथंच, कापसात बसूनच, बदल्या केल्या. पहारेकऱ्याला दिवसाची पाळी दिली. रात्रीचा पहारा बन्सीधरला, कारण त्याला दिवस काय नि रात्र काय, आणि त्याचे कान मात्र तिखट आहेत. तानुबाईला पट्ट्यापासून लांब, सरकीवर बसवलं. माझ्यासाठी असं ठरलं, की मी माडीवरून उतरताना मुकादमानं हाळी द्यायची आणि सगळ्या गाडीवानांनी बैलांची तोंडं पलीकडे फिरवायची. काम दुपटीनं निघू लागलं. पुढं पुढं जरा अतीच झालं हे कबूल. लोक सकाळी कामाला यायच्या आधी माडीखाली रांग लावून उणिवा सांगू लागले, ज्यांना नव्हत्या ते शेजाऱ्याच्या उसन्या आणू लागले. वजनाच्या काट्यावरचा दिनकरराव तर एके दिवशी ढसाढसा रडला, की माझ्यात काहीच कमी नाही, मी तोंड कसं दाखवू? काही कमी नसणं हीच त्याची उणीव, असं आम्ही ठरवून दिलं, तेव्हा कुठं जेवला.

हे सगळं शेठजींच्या कानावर गेलं. ते तणतणत आले ते मला काढायलाच. पण येऊन बघतात तर शेजारच्या जिनिंगा ओस आणि आमच्या फाटकावर गाड्यांची रीघ. गाडीवानांना विचारलं तर ते म्हणाले, जो माणूस बैलाला भितो तो काटा मारायचा न्हाई. शेठजींचं डोकं चक्रावलं. त्यांनी खात्रीसाठी एक बैल माडीवर आणवला. मी खिडकीतून गंजीवर उडी घेतली. पण शेठजी मान हलवत म्हणाले, की नाटकात माणसं याहून चांगली पळतात. त्यांचा आता असा संशय आहे, की चन्नबसप्पा म्हणाले तसा मी वाघच आहे आणि गिऱ्हाईक ओढायला भित्रेपणाचं सोंग करतो. वाघ असलो तर लबाड ठरलो, मग नोकरी गेली. खरोखर भित्रा असलो तर राहिली. शेठजी मुक्काम हलवून परभणीला गेले आहेत ते येत्या बाजारच्या दिवशी परततील, तेव्हा निकाल लागेल.

असो. नर्मदाबाई आजी, दुकानातले गडी, सगळ्यांना यथायोग्य सांगावं. थंडी पडू लागली आहे, सकाळी अनवाणी फिरू नये. काही राहिलं असेल तर राग मानू नये.

आपला आज्ञाधारक,
वीरुपाक्ष

ता. क. : तो शब्द असा. शेठजी दुकानी येतील तेव्हा ‘मी चुकलो, भाचा वाघ नाही’ एवढं म्हणावं. मामांनी एकदा बोललेला शब्द मागं घेतल्याचं अख्ख्या परभणीत कुणाला आठवत नाही, हे मी जाणतो. म्हणून इतकी पानं लिहिली. गरज पडली तर आपण दुकानाचं दार लावून म्हणावं.

आणखी ता. क. : पत्र टाकायला स्टेशनावर आलो, तर परभणीकडून आलेल्या गाडीतून शेठजी आणि सिद्धम्मा मामी दोघंही उतरले. (मामी बहिणीच्या बाळंतपणाला आल्या, हे आपल्याला ठाऊकच आहे.) शेठजी वैतागून म्हणाले, की चन्नबसप्पा दोनदा भेटले आणि दोन्ही वेळा ‘वाघ’च म्हणाले. तेव्हा मामींनी डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं आणि सगळ्या फलाटासमोर म्हणाल्या, “कशाचा वाघ? मामाच बैलाला भ्यायलाय तर भाचा कुठून वाघ ऱ्हाईल? आमच्या लग्नात सुदिक नवरदेव गाडीत बसना. पायी चालायचा नवस हाय म्हनले. नवस न्हाई अन् काही न्हाई.” शेठजी एवढे हसले, की त्यांना बाकावर बसवावं लागलं. माझी नोकरी राहिली. त्यांना मानवतच्या जिनिंगवरही असाच मॅनेजर हवा आहे आणि येता का म्हणून ते आपल्यालाच विचारणार आहेत.

मामा, रागावू नका. सगळे हसत होते तेव्हा मला काही हसू आलं नाही. मी लहानपणी सुटीत आपल्याकडे यायचो. बाजारात समोरून बैल आला की आपण माझा हात गच्च धरायचात. मला इतकी वर्षं वाटायचं, की तो माझ्यासाठी धरला आहे. आता एकदा सेलूला या. स्टेशनावर मी घ्यायला येतो. गाडी करत नाही, दोघं चालतच घरी जाऊ.