समुद्रातलं पठार, पौर्णिमेपर्यंत

२० एप्रिल, रविवार
धम्मशीलाचा गोव्याहून फोन. माझ्याशी दोन मिनिटं, तिच्या पप्पांशी अर्धा तास. हे फोन घेऊन अंगणात जातात. लेकीचं संशोधन समुद्राच्या तळावरच्या पठारांवर. त्यातलं यांना काडीचं कळत नाही. मला निदान मॅट्रिकला भूगोल होता.
ठरवलं. पौर्णिमेला ती घरी येते, तोवर तिचा विषय पक्का करायचा. मग बोलेलच माझ्याशी. आमच्यात बोलायला विषय नाही, एवढंच अडलंय.

२३ एप्रिल
बुद्धवंदना झाल्यावर मोबाईलवर हिंदी व्हिडिओ. सोपं आहे. जमिनीखाली मोठमोठ्या फरश्या असतात, त्यांना प्लेट म्हणतात. समुद्राची प्लेट दुसऱ्या प्लेटखाली वाकून खोल जाते. हे सबडक्शन. तिच्यासोबत पाणी जातं, त्याने वरचा खडक वितळतो आणि वर ज्वालामुखींची रांग उठते. इथे आजचा डेटा संपला. जास्तीचा पॅक मारला नाही. समुद्र उद्यापर्यंत कुठे जात नाही.

२५ एप्रिल, दुपारी
प्रयोग. पाट म्हणजे वरची प्लेट. पाटाखालच्या फटीत पातळ पोळी सरकवली. गेली. मग पोळीवर कणकेचा जाड पानगा ठेवून सरकवली. पानगा पाटाच्या काठाला अडला! पठाराचं असंच. लाव्हा साचून साचून जाड झालेलं, जाडीच्या मानाने हलकं, म्हणून खाली जायला मागत नाही.
तेवढ्यात शेजारची केसरबाई विरजण मागायला आली. म्हणे, "महामाये, पोळी कोणापासून लपवून राह्यली वं?" तिला समजावण्यात अर्थ नाही.
पानगा यांच्या ताटात वाढला. म्हणाले, "याले पाटाचा वास काऊन येते?" पीठ हिशोबात 'शिक्षण' खाली टाकलं.

३० एप्रिल
पठार अडलं की काय काय होऊ शकतं: एक, खालची प्लेट आडवीच सरकत राहते आणि वरचे ज्वालामुखी विझतात. दोन, पठाराचा तुकडा तुटून वरच्या प्लेटला चिकटतो. तीन, इथलं सबडक्शन बंद पडून दुसऱ्या बाजूने उलटं सुरू होतं. तिसरं कळलं नाही. कळेपर्यंत सिरियल बंद.
संध्याकाळी सिरियल पाहिली. सासू शुद्धीवर येणार होती. आली नाही.

४ मे, रविवार
फोन. मी विचारलं, सोलोमन बेटांपाशी ते ओन्टोंग जावाचं पठार अडलंय, त्याचं काय चाललंय? ती म्हणाली, "तुला हे कोणी सांगितलं?" म्हटलं, मीच शिकले. "पप्पांना दे," म्हणाली. गळा भरून आला असणार तिचा.
हे अंगणातून आले ते खाली बघत. काय म्हणत होती विचारलं. "तिकडे गरमी लय हाय."
प्रगती चांगली आहे.

८ मे
विहारात ध्यानाला बसले. डोळे मिटले की प्लेट खाली जाते तिथला समुद्रातला खंदक दिसतो. भंतेजी म्हणाले, मनात काही धरून ठेवू नका. पौर्णिमेनंतर सोडीन.

१२ मे, वैशाख पौर्णिमा
धम्मशीला काल आली. आज विहारात खीर वाटून आलो आणि मी तिला पाटासमोर बसवलं. सगळं सांगितलं. मग पानगा सरकवला. अडलाच नाही. सबंध पाटाखाली गेला. कणीक सैल झाली होती.
ती म्हणाली, "तसंही होतं, मम्मी. काही पठारं जातात खाली."
मग सांगितलं. फेलोशिप मिळाली नाही. संशोधन जानेवारीतच सुटलं. आता हैदराबादला एका कंपनीत विम्याचे कागद तपासते. पप्पांना माहीत आहे.
मला का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाली, "तू गावभर सांगून बसली होतीस ना, पोरगी समुद्रावर संशोधन करते म्हणून."
मी पाट उचलला. पानगा खाली चेपटून बसला होता. हे म्हणाले, "दे इकडे. खातो मी."

१३ मे, मंगळवार
सकाळी मलकापूरच्या गाडीत बसवून दिलं. गाडी निंबाच्या सावलीत उभी होती. केसरबाई तिथेच. "दोनच दिवस? काऊन वं, एवढी काय घाई?"
मी म्हटलं, पठाराचं काम अर्धवट आहे, साहेब लोक थांबलेत तिच्यासाठी. हे दुसरीकडे बघू लागले. मग केसरबाईला प्लेट, खंदक, ज्वालामुखी, सगळं सांगितलं. धम्मशीला खिडकीत बसून ऐकत होती. एकही चूक काढली नाही, म्हणजे बरोबरच सांगितलं असणार.
मग तिने खिडकीची काच ओढून घेतली. ऊन लागत असेल.