कुष्ठरोगी बरा झाला नाही

प्रिय चिमण्या,

पाकिटावर तुझ्या नावामागे 'आदरणीय पाळक' ही उपाधी मी यथाविधी, सुवाच्य अक्षरांत आणि किंचित मत्सराने लिहिली आहे. आत मात्र तू चिमण्याच. ज्याचे नाक स्वहस्ते पुसून मी त्याला शाळेत पोहोचवले, त्याच्यापुढे आदराने वाकण्यास माझी कंबर वयोमानपरत्वे असमर्थ आहे. नगरपालिकेत नोटिसा लिहिण्याचे पुण्यकर्म करता करता माझी भाषा कायमची आखडली, हे तू जाणतोसच. परवा मी आईला 'चहा प्राप्त झाला' असे म्हणालो आणि तिने कप परत नेला.

तर सर्व संबंधितांस, म्हणजे तुला, कळविण्यात येते की बाबा आता पलंगावरून उठत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, नळी गुंडाळली आणि म्हणाल्या, "उन्हाळा निघेल. पुढचं मला विचारू नका." हे आईने तुला लिहिलेच होते, आणि अंत्यविधी तूच करावास, ही तिची इच्छाही. तुझे उत्तर आले. ज्यावर बाबांचा विश्वास नव्हता ते तू त्यांच्या कबरीवर म्हणू शकत नाहीस आणि ज्यावर तुझा विश्वास आहे ते गाळू शकत नाहीस. सबब इथल्या चर्चच्या पाळकांनी करावे. व्यवसायबंधू या नात्याने सांगतो, वाक्याचा तोल निर्दोष आहे. आईने ते दोनदा वाचले आणि भांडी घासायला घेतली. भांडी स्वच्छ होती.

गेला आठवडाभर मी खालचा कारखाना आवरतो आहे. 'कारखाना' हा शब्द बाबांचा. वस्तुतः ती एक लांबट खोली, एक टेबल आणि खिडकीशी रचलेल्या रंगीत काचा. सकाळी ऊन आले की आपल्या दोघांच्या तोंडांवर तांबडे-निळे ठिपके पडत. तू हिरव्या ठिपक्यात बसायला मागायचास, आणि हिरवा नेहमी माझ्याकडे असायचा. थोरलेपणाचा तेवढा एकच लाभ मला आयुष्यात झाला. शिशाच्या पट्ट्या अजून कोपऱ्यात आहेत. काच कापायचा हिरा मी हातात घेतला आणि ताबडतोब बोट कापून घेतले, तेव्हा आनुवंशिकता या विषयावर माझ्यापुरता पडदा पडला.

तुला तो रविवारचा वर्ग आठवतो ना? चर्चच्या मागची ओल आलेली खोली, डुगडुगणारी बाके, आणि हाताला पुट्टीचा वास असलेले आपले तीर्थरूप. बाबांची अध्यापनपद्धती जगावेगळी होती. गोष्ट रंगात आली, सगळ्या पोरांनी श्वास रोखला, की ते थांबत आणि म्हणत, "इथपर्यंत माझं काम. पुढचं पाळकसाहेब सांगतील." पाळकसाहेब समजत की मुलांना ते बाबांनी सांगितलेच असेल. परिणामी या दोन विद्वानांच्या मधल्या मोकळ्या जागेत आपले सर्व चमत्कार पडून गेले, आणि आपण दोघे असे ख्रिस्ती म्हणून वाढलो की ज्यांना आंधळ्याची दृष्टी परत आल्याची खबरच नव्हती. आपल्याला एवढेच ठाऊक, की येशूने त्याचा हात धरला आणि त्याला गावाबाहेरपर्यंत स्वतः चालवत नेले. मग बाबा आपल्याला डोळे मिटायला लावून जोडीजोडीने अंगणात फिरवत. तू मला हौदावर आपटवलेस, ती खूण माझ्या हनुवटीवर आजही आहे.

आणि तो शिंपी. त्याच्या हातांवर, मानेवर पांढरट खवले होते, त्यामुळे चर्चमध्ये त्याच्या बाकावर दुसरे कोणी बसत नसे; लोकांना पुढचे दिसावे म्हणून ते लांब बसत, असे अधिकृत कारण होते. बाबा दर रविवारी आपली वरात घेऊन नेमके त्याच बाकावर जात. प्रवचनाच्या मध्यावर तू त्याच्या खांद्यावर तोंड उघडे टाकून झोपायचास आणि तो बिचारा शेवटच्या स्तोत्रापर्यंत खांदा हलवत नसे. आपल्या दृढीकरणाचे, म्हणजे मंडळीत रीतसर दाखल होण्याच्या विधीचे, कोटही बाबांनी त्याच्याकडेच शिवायला दिले. बाह्या चार बोटे लांब झाल्या, पण बाबा म्हणाले, "पोरं वाढतील." माझा कोट मला अद्यापि बाहीत मोठा आहे.

त्याच सुमारास उजव्या खिडकीचे प्रकरण झाले. गारांनी ख्रिस्ताच्या डोक्यामागचे पिवळे वलय फुटले. बाबांनी तात्पुरती साधी काच बसवली. पाळकसाहेबांनी विचारले, "प्रभामंडळाचं काय?" बाबा म्हणाले, "ऑर्डर दिली आहे." पुढच्या वर्षी विचारले, ऑर्डर दिलेलीच होती. आई म्हणाली, "देवाच्या घरात थापा मारता, शोभतं का?" त्यावर बाबांचे उत्तर असे, की साध्या काचेतून मागचे चिंचोळे आकाश दिसते आणि चेहरा अधिक नीट दिसतो, जरा बघ तरी. आईने बघितले नाही. पुढे पिवळी काच आली आणि बसलीही; कारागीर म्हणून बाबा प्रामाणिक होते, फक्त घाई करीत नसत.

मग तो दृढीकरणाच्या परीक्षेचा दिवस. सबंध मंडळीसमोर, लांब बाह्यांच्या कोटांत, आपण दोघे चौथऱ्यावर उभे. पाळकसाहेबांनी तुला सोपा म्हणून प्रश्न टाकला: प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावला, मग काय झालं? तू खणखणीत आवाजात सांगितलेस, "काही नाही. बाकीचे लोक ओशाळले." त्यांनी मृदूपणे विचारले, आणि तो बरा नाही का झाला? तू म्हणालास, "नाही. पण त्यानंतर तो एकटा नाही जेवला." मोठा भाऊ या नात्याने परिस्थिती सावरण्याचे उत्तरदायित्व मजवर आले. मला विचारण्यात आले, मित्राच्या कबरीपाशी येशू रडला, आणि त्यानंतर? मी म्हणालो, त्यानंतर तो त्या मित्राच्या दोन बहिणींबरोबर घरी गेला, कारण जेवणाचं कोणीतरी बघायला हवं होतं. तिसऱ्या रांगेत बाबा स्वतःची नखे निरखीत होते. आई बाबांना निरखीत होती. हताश होऊन पाळकसाहेबांनी दोघांनाही एकदम विचारले, छप्पर उकलून येशूपुढे खाली सोडलेल्या त्या लुळ्या माणसाचं तरी शेवटी काय झालं ते सांगा; आणि आपण एका सुरात उत्तर दिले, की त्याला खाली सोडणाऱ्या चौघा मित्रांनी दुसऱ्या दिवशी येऊन छप्पर दुरुस्त करून दिलं. शिंपी खदखदून हसला. त्या इमारतीत त्याला हसताना मी प्रथमच ऐकले.

घरी जे झाले त्याचे वर्णन करण्यास संस्कृत अपुरी आहे. आई म्हणाली, "देवाने इतकं करून ठेवलं आणि तुम्ही मधेच सोडून दिलंत! ताटातलं मात्र सगळं संपवायचं, पोरांना शिस्त लावायची!" बाबा ताटातले सगळे संपवीत राहिले.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब कारखान्यात आले. आपण काचांच्या मागे लपून ऐकले, पण तू शिंकलास म्हणून तुला बाहेर काढण्यात आले आणि उत्तरार्ध एकट्या मला मिळाला. तो मी तुला कधी नीट सांगितलेला नाही, कारण नंतर तू अशा वयात आलास की धाकटे भाऊ काही ऐकून घेत नाहीत. पाळकसाहेब रागावले नव्हते. स्टुलावर बसून त्यांनी केवळ विचारले, असं का करता? बाबा पट्टी वाकवत म्हणाले, "बरं करणं मला जमत नाही, साहेब. हात लावणं जमतं. पोरांना सांगितलं की हात लावला आणि तो बरा झाला, तर उद्या ही कुणा आजाऱ्याला हात लावतील, तो काही बरा होणार नाही, आणि मग ही हात लावणंच सोडतील." पाळकसाहेब म्हणाले, "आणि जो मरायला टेकलाय, त्याला काय सांगाल?" बाबा म्हणाले, "जवळ बसेन." पाळकसाहेब उठले आणि म्हणाले, "बसतो तर मीही. पण तो माझ्याकडे बघतो, तेव्हा मला काहीतरी सांगायचं असतं, आणि ते मला खरं वाटतं." त्या रविवारपासून वर्ग बाबांकडून गेला. पाळकसाहेब होते तोवर दोघे एकमेकांना टोपी काढून नमस्कार करीत राहिले.

चिमण्या, मला वाटते आपण दोघे त्या खोलीतून एकेक वाक्य उचलून बाहेर पडलो. मी बाबांचे उचलले आणि त्यावर आयुष्यभर आरामात बसून राहिलो, कारण चमत्कार न मानणे फारसे कष्टाचे नसते; हात लावणे कष्टाचे असते, आणि त्यात मी बाबांच्या पासंगालाही पुरत नाही. तुला गोष्टीचा उरलेला भाग हवा होता. धर्मशास्त्राच्या शाळेतून तू तो घेऊन आलास, आणि जेवणाच्या टेबलावर म्हणालास, "बाबा, तुम्ही आम्हाला अर्धाच ख्रिस्त दिलात." बाबा म्हणाले, "मला जेवढा उचलता आला तेवढा दिला." तू खुर्ची मागे सारून उठलास. तेव्हापासून तुझी पत्रे आईच्या नावे येतात आणि त्यांच्या तळाशी 'बाबांना नमस्कार' असतो; नगरपालिकेच्या नोटिशीखाली शिक्का असतो तसा.

तुझे ताजे पत्र आईने बाबांना वाचून दाखवावे की नाही, यावर स्वयंपाकघरात आमची गुप्त परिषद झाली. छत पातळ असल्यामुळे बाबांनी वरूनच आवाज दिला, "वाचा की मोठ्याने." मी वाचले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "त्याला सांग, गाळू नकोस. पुन्हा उठणार वगैरे जे काय आहे, ते सगळं म्हण." मी साहजिकच आक्षेप नोंदवला: ही तर्कदृष्ट्या घोर विसंगती असून आपल्या समग्र आयुष्याचा आपणच अनादर करीत आहात. बाबा म्हणाले, "अरे, मी ऐकायला थोडाच असणार? ऐकणार तुझी आई. आणि पोराला जे खरं वाटतं ते त्याने बोलावं. माझ्या अंगावर माती टाकताना त्याला खोटं बोलायला लावू, तर मी त्याला शिकवलं तरी काय?" एवढे बोलून त्यांना दम लागला. आईने त्यांची उशी सारखी केली आणि प्रथमच, माझ्या आठवणीत तरी, त्यांच्या धर्ममताविषयी एकही प्रतिकूल शब्द काढला नाही. तेव्हा तो प्रश्न निकाली निघाला असे समज. तुला काही गाळायचे नाही, काही म्हणायचे राहू द्यायचे नाही.

परंतु हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाही, आणि बाबांच्या सांगण्यावरूनही लिहीत नाही; ते तर म्हणतात, त्याच्यामागे मंडळीचा व्याप, कशाला त्रास देता. हे पत्र निव्वळ माझ्या स्वार्थाचे आहे. तुझ्या हिशेबाने आपण चौघे पुन्हा केव्हातरी, कुठेतरी एकत्र बसणारच आहोत. ते बघून बाबांना मोठा धक्का बसेल, आणि आई 'सांगत होते ना' म्हणेल. म्हणून तुला थोडा उशीर झाला तरी चालण्यासारखे आहे. माझ्या हिशेबात तशी तरतूद नाही. माझ्याकडे एवढा उन्हाळा आहे, वरची ही खोली आहे, आणि तिच्यात आपण चौघे एकदा बसलो नाही, तर ते पुन्हा कधीच बसणे नाही. अंत्यविधीला तू येशीलच रे. पण तेव्हा खोलीत तिघेच असू. तू आत्ता ये. काही सिद्ध करायचे नाही, प्रार्थना करायची तर कर, नाहीतर नुसता बैस. वाद आपण नंतर घालू. तुझ्या मते तरी त्यासाठी मुबलक वेळ आहे.

तुझाच,
दादा