गारा अडवण्याच्या व आणण्याच्या कामातून एका गिटारवाल्याची सुटका

प्रति,
मा. मामलेदार साहेब,
मामलेदार कचेरी, राहुरी, जि. अहमदनगर.

अर्जदार : गोरक्ष रंगनाथ गारपगारी, वय २४, रा. मौजे खडकमाळ.

विषय : गारांबद्दल अर्जदारास जबाबदार धरू नये, अशी लेखी समज गावास मिळणेबाबत.

संदर्भ : खडकमाळ गावसभेचा ठराव, दि. २५ फेब्रुवारी १९७३.

महोदय,

१. सदर अर्ज अर्जदाराच्या सांगण्यावरून त्याचा जुना मास्तर लिहीत आहे. अर्जदाराचे आजोबा गावचे गारपगारी, म्हणजे गारांचे आभाळ मंत्राने अडवणारे. त्याबद्दल त्यांना खळ्याखळ्यावर धान्य मिळे. नातवाने मंत्र सोडले, नगरला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम धरले, एका फौजी मेकॅनिककडून विजेवरची गिटार शिकला आणि तिघा सोबत्यांसह 'ब्लॅक बुल्स' नावाचा बॅण्ड काढला. हे वरातीचे बॅण्डपथक नव्हे. याला हार्ड रॉक म्हणतात, आणि ते ऐकून म्हशी पान्हा चोरतात हे मी स्वतः पाहिले आहे.

२. मार्च १९७१ मध्ये मंडळी गावात सराव करीत असता गारांचे ढग डोक्यावरून सरकले व शेजारच्या गावावर फुटले. गावाने ठरवले, नातू आजोबांचेच काम विजेवर करतो. हार घातले, बंद पडलेले धान्य पुन्हा सुरू केले. अर्जदार ते घेऊन गप्प बसला, कारण चौघांची पोटे होती. एवढी चूक त्याची आहे आणि तो ती नाकारीत नाही.

३. दि. १४ मार्च १९७२ रोजी बॅण्डचा पुण्यात पहिला मोठा कार्यक्रम ठरला. गारांच्या दिवसांत गारपगाऱ्याने शीव ओलांडू नये, असा रिवाज काढून सरपंच छगनराव यांनी गिटार चावडीत कुलूपबंद केली. तिघे दुसरा गिटारवाला घेऊन गेले. नेमके त्याच दुपारी आभाळ आले. अर्जदारास गिटार देऊन उघड्या खळ्यात बोडक्याने उभे केले. पहिल्या कडाडण्यासरशी वीज गेली. विजेवाचून त्या वाद्याचा आवाज डासाएवढा. तरी मारुतीच्या मंडपातून सरपंच सांगत राहिले, "हात थांबवू नगं. गार अजून हाय." गारा लिंबाएवढ्या होत्या. आई रंगुबाई परात घेऊन धावली. झाकलेल्या गारपगाऱ्याचा गुण जातो म्हणून बायांनी परात काढून घेतली व स्वतःच्या डोक्यावर धरली. गारांनी अर्जदाराच्या उजव्या हाताची बोटे ठेचली. तीन कापावी लागली, चौथे वळत नाही. गहू गेला तो गेलाच. तलाठ्यांच्या पंचनाम्यात गव्हाची नोंद आहे. बोटांना रकाना नव्हता.

४. गारा थांबण्याआधी हात थांबला म्हणून गहू गेला, असे गावाचे म्हणणे. सालभर त्याच्याशी कोणी बोलले नाही. यंदा दुष्काळ. विहिरी कोरड्या, सारा गाव खडी फोडायला. अशात गावसभेला सुचले, की ज्याला अडवता येते त्याला आणताही येते. सरपंच म्हणाले, "गार म्हंजी गोठल्यालं पानीच की. आजानं अडवली, ह्यानं आणावी." येत्या होळीला अर्जदारास त्याच खळ्यात उभे करायचे व गार पडेपर्यंत हलू द्यायचे नाही, असे ठरले. गिटार डाव्या हाताने वाजवण्याची सवलत दिली आहे. ठराव एकमताने झाला. म्हणजे माझाही हात वर होता, याची मला लाज वाटते.

५. अर्जदार भरपाई मागत नाही. बॅण्ड आता मुंबईत वाजवतो व पोस्टरवर त्याच्या जागी दुसऱ्याचे तोंड आहे, याचीही तक्रार नाही. त्याला कचेरीच्या शिक्क्यानिशी एक ओळ हवी : 'गारा पडणे अथवा न पडणे याच्याशी गोरक्ष रंगनाथ याचा संबंध नाही.' आमचे गाव माणसाला बधत नाही, शिक्क्याला बधते. होळी सोळा दिवसांवर आहे.

सोबत : १) ठरावाची नक्कल. २) दवाखान्याचा दाखला. ३) पुण्याच्या कार्यक्रमाचे पोस्टर, एक नाव खोडलेले.

दि. २ मार्च १९७३

लिहिणार : नृसिंह वामन खरवंडीकर, निवृत्त शिक्षक

आपल्या एका ओळीची वाट पाहणारा,
गोरक्ष रंगनाथ गारपगारी
(डाव्या हाताचा अंगठा)

टीप : अर्जदार साक्षर आहे. चौथीत त्याचे अक्षर वर्गात पहिले होते. अंगठ्याचे कारण कलम ३ मध्ये आले आहे.