दोनदा मोजलेले चौऱ्याऐंशी रुग्ण

ती. आईस,

तुझ्या धाकट्याचा वाकून नमस्कार. मी खुशाल आहे, जेवतोही वेळेवर.

आई, मला कामावर कायम ठेवलं! इथे एकाच औषधावरचे ठिकठिकाणचे अभ्यास गोळा करून, सगळ्यांचा मिळून एक निष्कर्ष काढतात. प्रत्येक अभ्यास दोघांनी वेगवेगळा वाचायचा आणि मग ताडून बघायचा. डॉक्टरबाईंच्या जोडीला मी, शाळा अर्धी सोडलेला!

काल दोन अभ्यासांत मला तोच दवाखाना, तेच महिने आणि तेच चौऱ्याऐंशी रुग्ण दिसले. लिहिणारे मात्र निराळे. बाईंनी दोन्ही धरले होते. मी तीनदा पडताळलं आणि मगच बाईंना सांगितलं.

बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अरे, तेच पाहुणे आपण दोनदा पंगतीला बसवले की!" एक अभ्यास वगळल्यावर औषधाचा गुण निम्म्यावर आला. "उद्यापासून माझं वाचलेलं तूच तपास," म्हणाल्या.

तुझा गुडघा कसा आहे? नुसतं "बरा आहे" लिहू नकोस. वहिनीलाही तुला न दाखवता वेगळ्या कागदावर लिहायला सांग. दोघींचं जुळलं, तरच मी विश्वास ठेवीन.

तुझ्या उत्तरांची, दोन्ही, वाट बघणारा,
तुझा धाकटा