नानांनी पुन्हा धरलेला दुसरा अध्याय

।। श्री ।।

बेलापूर, रविवार

तीर्थस्वरूप सौ. अंबिकाअक्कास,

यज्ञेश्वरचा साष्टांग नमस्कार. त्यातला निम्मा रागाचा समजावा. संगमनेरात तुम्ही सारे खुशाल असालच. दाजींचा गुडघा कसा आहे? ईराच्या लग्नाची खरेदी संपली का? (संपली नसणार.) इकडचं म्हणशील तर देवाच्या कृपेनं बरं आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून बरं आहे.

फोन सोडून पत्र लिहितो, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. मी "आपले नाना" एवढं म्हणेपर्यंत तू म्हणतेस, "नानांनाच दे." मग तुझ्या बारशाला कोण कोण आलं होतं आणि कुणाच्या बैलगाडीचं चाक निखळलं, हे ते तुला सांगतात. फोन माझ्याकडे परत आला की तुझं ठरलेलं, "तुझं आपलं काहीतरीच, यज्ञा. नाना ठणठणीत आहेत. तूच विसराळू झालास."

आता ठणठणीत नानांची हकीकत ऐक. मळ्यातल्या आदिनाथनं नवं घर बांधलं आणि सत्यनारायण घातला. कथा सांगायला नाना, हाताशी मी. चार अध्याय झाले, आणि पाचवा धरायचा तिथं नानांनी दुसरा धरला. (प्रत्येक अध्यायाचा शेवट सारख्याच शब्दांनी होतो, त्यामुळं कुणाला शंकाही आली नाही.) पुन्हा तिसरा, चौथा, आणि परत दुसरा! व्यापाऱ्याची नौका त्या दिवशी तीनदा बुडाली. मी हळूच म्हणालो, "नाना, पाचवा." त्यांनी आगाऊ शिष्याकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं आणि दुसराच अध्याय आणखी मोठ्यानं सुरू केला. बरं, उठणार कोण? प्रसाद न घेता उठलेल्याचं काय होतं हे त्याच कथेत सांगितलेलं, तेही तीनदा! आदिनाथचा भाचा करण टोमॅटोचा टेम्पो उन्हात उभा करून आलेला. तो कुजबुजला, "मामा, जाऊ का? माल शिजाया लागलाय." आदिनाथ म्हणाला, "जा की. वाटंत टेम्पो बुडाला तर मला फोन करू नको." पोरगं पुन्हा मांडी घालून बसलं. आदिनाथची आई आक्काबाई तर डोळे पुसत होती, "गुरुजींची वाणी बगा, एक अक्षर चुकत न्हाई!" खरंच चुकत नव्हतं, अक्का. तीच तर पंचाईत आहे. शेवटी मी घंटा उचलून आरती सुरू केली. त्यावर आक्काबाईनं सगळ्यांदेखत मलाच झापलं, "बापाची कथा मोडतोस व्हय रे?"

मग त्यांना नगरला सावेडीत डॉक्टरांकडं नेलं. मेंदूचे फोटो काढले. त्यांत पांढरे ठिपके आणि डाग निघाले. मला काही उमगेना, तेव्हा डॉक्टरांनी मला कालव्यावर आणलं. म्हणाले, मोठा कालवा वाहतोय, पण आतल्या पोटचाऱ्या, म्हणजे मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या, वर्षानुवर्षं रक्तदाबाचा मार खाऊन कडक आणि अरुंद झाल्यात. टेलच्या, म्हणजे चारीच्या अगदी शेवटच्या वावराला पाणी पोचत नाही. पाठांतराचं वावर अजून भिजतंय, म्हणून हिरवं दिसतं. पण एकामागून एक काय करायचं, एकातून दुसऱ्यात कसं वळायचं, हे ठरवणारं वावर सुकत चाललंय. पाय घासत चालणं त्यातलंच, आणि अर्धं नेसलेलं धोतर हातात धरून विचार करत बसणं हेही. स्मृतिभ्रंश एकट्या याच वाटेनं येतो असं नाही, पण ही वाट मोठी आहे, म्हणाले. सुकलं ते बहुतेक परत भिजत नाही. उरलंय ते राखायचं तर रक्तदाबाची गोळी रोज.

आणि नानांचं 'रोज' कसं? एकादशीला गोळी नाही, चतुर्थीला नाही, प्रदोषाला नाही, सोमवारी नाही, शनिवारी नाही. गोळीनं उपास मोडतो म्हणे! तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी चालते, वर शेंगदाण्याची आमटी चालते, मोहरीपेक्षा जराशी मोठी गोळी चालत नाही. मीही उपास करतो, अक्का. पण जो देव एवढी खिचडी चालवून घेतो तो गोळीवर रुसेल, असं मला वाटत नाही. हे मी सांगितलं की पोरखेळ; आणि तू फोनवर म्हणालीस, "राहू दे, एक दिवस नाही घेतली तर काय होतंय," ते मात्र वेदवाक्य.

म्हणून सांगतो, ईराचं लग्न नानांनी लावायचं नाही. तिकडचे दुसरे गुरुजी बघ. ज्या माणसानं अर्ध्या तालुक्याची लग्नं लावली तो नातीच्या मांडवात अडकला आणि कुणी फिदीफिदी हसलं, तर ते मला बघवणार नाही. यात आता बदल नाही.

दाजींना नमस्कार, ईराला आशीर्वाद.

तुझा धाकटा,
यज्ञेश्वर

ता. क. आज एकादशी. वैतागून नानांना म्हणालो, "अक्कानं सांगितलंय, गोळी उपासाला चालते." ते म्हणाले, "अंबिका म्हणाली? मग दे." घेतली! तेव्हा रोज सकाळी तूच फोन करून हे सांग. तू करीपर्यंतच्या खोट्याचं निम्मं पाप तुझ्या नावावर.

आणखी एक. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात नाना रेशमी सोवळं उन्हात घालायला घेऊन आले. म्हणाले, "ईराचं लग्न माझ्याकडंच ना रे?" मी हो म्हणालो. (वर लिहिलेलं सगळं खरं आहे. तरी हो म्हणालो.) तेव्हा दुसरे गुरुजी बघू नकोस. बाकी विधी मी करतो, मंगलाष्टकं नाना म्हणतील. पाचवं झालं की, त्यांनी पुन्हा दुसरं धरायच्या आत, अंतरपाट मी माझ्या हातानं ओढून घेईन. भर मांडवात ते मला रागावतील. रागावू देत. मला रागावणं अजून त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत अगदी क्रमानं येतं.