बाबांची मिशी आणि उघडं दार

रविवार, ता. १२

चि. धाकोबास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. म्हणजे पत्रात लिहितात तितके ठीक.

प्रथम एक अत्यंत गंभीर तक्रार. तुझ्या त्या गल्लोगल्ली वाजणाऱ्या गाण्यात, दुसऱ्या कडव्यात, बाबांना मिशी आहे. बाबांना मिशी नव्हती. छपाईची शाई चिकटते म्हणून ते रोज गुळगुळीत दाढी करत. 'खुशी'ला यमक हवं म्हणून तीर्थरूपांच्या ओठावर मरणोत्तर केशरोपण, हा कोणत्या शास्त्रातला अलंकार? काल न्हावी म्हणाला, "साहेब, वडिलांसारखी झुपकेदार ठेवा की!" वस्तरा गळ्याशी होता, म्हणून "बघू" म्हणालो.

गाण्यातली विहीरही आपली नव्हती. नळ होता, तोही गळका. गाण्यात बसला नसता, मान्य. 'पूर्वजांचा वारसा' म्हणून तू आळवतोस तो म्हणजे छापखान्यावरच्या दोन खोल्या. त्यांचा केर मी काढतो, तू यमकं काढतोस.

हेही सोडलं असतं. पण शेवटची ओळ? 'दार लावू नकोस आई, मी निघालोय.' कुठे निघाला होतास रे?

घरची रीत विसरलास? खाली यंत्र धडधडायचं, बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून जिन्यातून निरोप गाऊन द्यायचे. "कागद संपलाऽऽ", "जेवायला चलाऽऽ". बाबांचा सूर भयंकर, पण निरोप पक्का. थापा बोलून मारायच्या. गाऊन कुणी कधी खोटं सांगितलं नाही. यंत्र विकलं तरी आई अजून तीच रीत धरून आहे. तुझं ते तिच्या लेखी गाणं नाहीच, निरोप आहे.

रेडिओवर लागलं की म्हणते, "बघ, परत सांगितलं त्याने." दार दिवसभर सताड उघडं. मी कडी घातली की उठून काढते.

"आई, पोटासाठी गातो तो."

"मग तुझे बाबा काय हौसेने गात होते?"



आता नीट वाच. तिच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन लगेच हवं. गेलेली नजर परत येत नाही. तिने तारीख मोडली. "तो यायचा आणि मी दवाखान्यात? दाराशी कोण मग?" शेवटी मीही जिन्यात उभा राहून गायलो, "दवाखान्यात चलऽऽ". म्हणाली, "हा निरोप तुझा नाही, डॉक्टरांचा आहे."

तुला फोन केला की तुझा मदतनीस सांगतो, "सर रेकॉर्डिंगला बसलेत." लोक ढसाढसा रडतात म्हणे तुझ्या गाण्यावर. रडोत बापडे. त्यांच्या आया घरी दार लावून झोपतात.

ये. नाहीच जमलं तर फोनवर तिला गाऊन सांग, आधी ऑपरेशन करून घे, मग येतो. आणि मग खरंच ये. मिशी राहू दे, विहीरही राहू दे.

मला एकच भीती आहे. तू येशील, दार उघडंच असेल, आणि ती तुझा चेहरा हाताने चाचपून विचारेल, "कोण?"

उघड्या दाराशी बसलेला,
तुझा दादा